आंबट नारिंग, लसूण आणि मंद विस्तव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेट उभं राहतं. सोबर्स, लॉइड, रिचर्ड्स ही नावं आपण घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेतो. पण ही माणसं ज्या भागातून आली, तिथल्या घरांत सणाच्या दिवशी चुलीवर काय शिजतं, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. आज त्याविषयी बोलायचं आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर भाषा अनेक. क्युबात आणि पोर्तो रिकोत स्पॅनिश, हैतीत फ्रेंच आणि क्रेओल, जमैकात आणि त्रिनिदादमध्ये इंग्रजी. राज्यं वेगळी, इतिहास वेगळा. पण सणावाराला यातल्या बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. डुकराच्या मांसाचा तुकडा लसूण, मीठ आणि काहीतरी आंबट किंवा झणझणीत घालून रात्रभर, क्वचित काही दिवससुद्धा मुरत ठेवलेला असतो. मग तो सावकाश, घाई न करता शिजवला जातो.

आपल्याकडे पुष्कळ घरांत पोर्क शिजत नाही. कुठे धर्माचं कारण असतं, कुठे सवयीचं, कुठे आजारांची भीती. गोव्यातली आणि वसईकडची ख्रिस्ती घरं, मुंबईचे ईस्ट इंडियन लोक यांच्याकडे मात्र ते पिढ्यानपिढ्या शिजत आलं आहे. जे खात नाहीत त्यांनीही आजचं बोलणं ऐकायला हरकत नाही, कारण यातली नारिंगं, ओव्याची पानं आणि साबुदाण्याचा कंद त्यांच्याही ओळखीचे आहेत. आणि याच पद्धतीनं कोंबडी किंवा बकऱ्याचा खांदाही छान होतो.

मला सांगायचं आहे ते असं. या पदार्थाला दोन वेळा वाट पाहावी लागते. एकदा मुरताना आणि एकदा शिजताना. या दोन्हींचं काम वेगवेगळं आहे. बरेच जण समजतात की आंबटामुळे मांस मऊ होतं, म्हणून ते आंबट वाढवतात आणि शिजवण्याचा वेळ कमी करतात. मग मांस आंबट होतं, पण चिवट राहतं. ही वाट पाहण्याची पद्धत कुणी आणि कशासाठी शोधली, हे कळलं की घरी करताना घाई करावीशी वाटत नाही. म्हणून आधी थोडा इतिहास.

या बेटांवर डुक्कर मुळात नव्हतंच. १४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला, तेव्हा वाटेत कॅनरी बेटांवर थांबून त्यानं काही डुकरं गलबतावर घेतली. तिथून ती हिस्पॅनिओला बेटावर उतरली. आज या बेटावर हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक असे दोन देश आहेत. डुकराची वीण मोठी, खाणं काहीही, आणि रानात त्याला खाणारं मोठं जनावर कुणी नाही. थोड्याच वर्षांत रानं डुकरांनी भरली. स्पॅनिश लोक ज्या बेटावर जात, तिथे पुढच्या खेपेला शिकार मिळावी म्हणून डुकरं सोडून देत.

बेटांवरचे मूळ रहिवासी टाइनो लोक. ते लाकडाच्या काठ्यांची उंच चौकट बांधत, तिच्यावर मासे आणि छोटी जनावरं ठेवत आणि खाली मंद विस्तव पेटवत. त्या चौकटीला ते ‘बार्बाकोआ’ म्हणत. आज जगभर प्रचलित झालेला ‘बार्बेक्यू’ शब्द तिथून आला. पुढे सतराव्या शतकात हिस्पॅनिओलाच्या रानात फ्रेंच शिकारी राहत. तेही रानडुकराचं मांस अशाच चौकटीवर धुरात सुकवत. त्या चौकटीचं त्यांच्या तोंडचं नाव ‘बुकां’. त्यावरून त्यांना ‘बुकॅनियर’ म्हणू लागले. हेच लोक पुढे समुद्रावर लुटालूट करू लागले, तेव्हा चाच्यांचंच नाव बुकॅनियर झालं. म्हणजे गोष्टींच्या पुस्तकातला समुद्री डाकू हा मुळात मांस भाजणारा माणूस.

टाइनो लोकांचं पुढे काय झालं, ते आपण जाणताच. रोगराई आणि वेठबिगारी यांनी त्यांची संख्या काही दशकांतच अतोनात घटली. त्यांच्या जागी आफ्रिकेतून माणसं धरून आणली गेली आणि उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवली गेली.

जमैका बेट १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पॅनिश लोकांकडून घेतलं. त्या धामधुमीत बरेच गुलाम डोंगरात पळाले. नंतरही पळत राहिले. त्यांना मरून म्हणतात. ब्लू माउंटन्सच्या दाट जंगलात त्यांनी वाड्या वसवल्या, इंग्रज पलटणींशी अनेक वर्षं झुंज दिली आणि १७३९ मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. त्यांची पुढारी नॅनी ही आज जमैकाची राष्ट्रीय वीरांगना मानली जाते, चलनी नोटेवर तिचं चित्र आहे. या लोकांचं मांस म्हणजे रानडुकराचं. ते मीठ, झणझणीत मिरची आणि तिथल्याच रानात वाढणाऱ्या पिमेंटो झाडाचे दाणे लावून ठेवायचे. पिमेंटो म्हणजे आपल्याकडे बाटलीत ऑलस्पाइस म्हणून मिळतो तो. मग त्याच झाडाच्या ओल्या लाकडावर ते मांस तासन् तास भाजायचं. कधी कधी खड्ड्यात झाकून शिजवायचं, म्हणजे धूर वर दिसू नये आणि पलटणीला माग लागू नये, असं सांगतात. या पदार्थाचं नाव जर्क. आज जमैकाच्या पोर्टलंड भागात, बॉस्टन बे इथे, रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली जर्क पोर्क विकायला असतं आणि लोक आवडीनं खातात. पण मुळात बर्फ नाही, घर स्थिर नाही, उद्या कुठे पळावं लागेल माहीत नाही, अशा माणसांची ती शिदोरी होती. मीठ आणि मिरची मांस टिकवण्यासाठी होती. मंद आच होती ती कष्टाळू रानडुकराचं चिवट मांस दाताखाली यावं म्हणून.

स्पॅनिश बेटांवर गोष्ट थोडी वेगळी घडली. तिथे आंबटपणासाठी आलं ते नारिंग. आपण संत्र्याला नारिंग म्हणतो, पण मी म्हणते ते कडू-आंबट नारिंग. साल जाड, रस लिंबासारखा आंबट आणि मागे किंचित कडवट. या फळाचं मूळ आशियातलं. संस्कृतातला ‘नारंग’ शब्द फारसीत आणि अरबीत गेला, अरबांनी मध्ययुगात हे झाड स्पेनमध्ये नेलं, तिथे त्याचं ‘नारांखा’ झालं. स्पॅनिश लोकांनी ते अटलांटिकपलीकडे नेलं. आज क्युबातली गृहिणी बाजारात ‘नारांखा आग्रिया’, म्हणजे आंबट नारिंग मागते, तेव्हा तिच्या तोंडात आपल्याकडून निघालेला एक शब्द असतो. उलट दिशेनं अमेरिकेतली मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याला आली आणि आपल्या स्वयंपाकघरात अशी रुळली की ती परकी होती हेच आपण विसरलो.

क्युबात या नारिंगाच्या रसात ठेचलेला लसूण, मीठ, जिरं आणि ओरेगॅनो घालून जे मिश्रण करतात, त्याला ‘मोहो’ म्हणतात. चोवीस डिसेंबरच्या रात्री, नाताळच्या आदल्या दिवशी, मोहोत मुरलेलं डुक्कर भाजणं ही तिथली रीत. तिथल्या सरकारनं १९६९ मध्ये उसाच्या हंगामात खंड नको म्हणून नाताळची सुट्टी बंद केली. पोप जॉन पॉल १९९८ च्या जानेवारीत क्युबाला येणार होते, म्हणून आधीच्या डिसेंबरात ती एकदा दिली गेली आणि १९९८ पासून कायमची झाली. मधली जवळजवळ तीस वर्षं सुट्टी नव्हती, पण लसूण ठेचला जातच होता. शेजारच्या पोर्तो रिकोत खलबत्त्यात लसूण, मीठ, मिरी, ओरेगॅनो आणि तेल कुटून ते मांसाला चिरा पाडून आत भरतात. तिथे खांद्याच्या या भाजलेल्या तुकड्याला ‘पेर्निल’ म्हणतात. कायेय गावाजवळ ग्वावाते नावाची डोंगरातली वस्ती आहे, तिथे रस्त्याला लागून अख्खी डुकरं सळईवर फिरत असतात आणि सुट्टीच्या दिवशी माणसांची झुंबड उडते.

आता एक धागा थेट गोव्याला जोडलेला. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना नवे मजूर हवे होते. १८३५ मध्ये अटलांटिकमधल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावरून मजूर ब्रिटिश गयानात आणले गेले, १८४६ पासून ते त्रिनिदादलाही आले. त्याच सुमारास, १८३८ मध्ये गयानाला आणि १८४५ मध्ये त्रिनिदादला आपल्या देशातले गिरमिटिये पोचले. मदेराच्या लोकांनी आपला नाताळचा पदार्थ बरोबर आणला. डुकराचं मांस व्हिनेगर आणि लसणात काही दिवस बरणीत मुरवायचं आणि नाताळच्या सकाळी शिजवून तळायचं. पोर्तुगीजमध्ये त्याचं नाव ‘कार्न द विन्या द आल्योश’. विन्या म्हणजे वाइनचा किंवा आंबटाचा भाग, आल्यो म्हणजे लसूण. गयानात आणि त्रिनिदादमध्ये आज त्याला सरळ गार्लिक पोर्क म्हणतात.

हाच पदार्थ पोर्तुगीजांबरोबर गोव्यात कितीतरी आधी आला होता. तिथे वाइनऐवजी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, लाल मिरची आली, मसाले आले, आणि नाव झालं विंदाल्हो, पुढे विंदालू. मुंबईचे ईस्ट इंडियन त्यालाच इंदियाल म्हणतात. हॉटेलांत विंदालूमध्ये जे बटाटे घालतात ते ‘आलू’ या शब्दाच्या गैरसमजामुळे. त्या ‘आलू’चा अर्थ लसूण आहे. तर म्हापशाच्या घरातला विंदालू आणि जॉर्जटाउनच्या घरातला गार्लिक पोर्क ही एकाच आईची दोन लेकरं आहेत, दोन वेगळ्या समुद्रांकाठी वाढलेली.

स्वयंपाकघरात शिरण्याआधी हैतीचं सांगायला हवं, कारण या पदार्थामागे काय असतं ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. हैतीचा आवडता पदार्थ म्हणजे ग्रियो. आंबट नारिंगाच्या रसात आणि हिरव्या वाटणात मुरवलेले डुकराचे तुकडे आधी मंद शिजवायचे, मग तळून तांबूस करायचे. बरोबर व्हिनेगरमधला कोबी-गाजर-मिरचीचा झणझणीत ‘पिक्लिज’ आणि तळलेली कच्ची केळी. हे मांस असायचं हैतीच्या काळ्या गावठी डुकराचं. लहान चणीचं, काटक, उष्टं-खरकटं आणि पडलेली फळं खाऊन वाढणारं. शेतकऱ्याच्या दाराशी असे एक-दोन प्राणी बांधलेले असत. मुलाची शाळेची फी, लग्न, आजारपण, मयत, काहीही निघालं की एक डुक्कर विकायचं. गावात बँक नव्हती, डुक्कर हीच ठेव.

१९७८ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये डुकरांचा एक रोग आला, आफ्रिकन स्वाइन फीव्हर. माणसाला तो होत नाही, पण डुकरं मोठ्या प्रमाणावर मरतात. रोग सीमा ओलांडून हैतीत शिरला. अमेरिकेपर्यंत तो पोचू नये म्हणून अमेरिकेच्या पुढाकारानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हैतीतली सगळी गावठी डुकरं मारण्याची मोहीम झाली. रोगी आणि निरोगी असा फरक नव्हता. लाखो जनावरं मारली गेली. बदल्यात अमेरिकेच्या आयोवा राज्यातली डुकरं दिली गेली. ती आकारानं मोठी, पण त्यांना विकतचं खाद्य हवं, स्वच्छ पाणी हवं, छपराचा पक्का गोठा हवा. कित्येक मालकांच्या घरालाही तसं छप्पर नव्हतं. लोक या पाहुण्यांना ‘चार पायांचे राजपुत्र’ म्हणू लागले. रोग आटोक्यात आला हे खरं. पण अनेक कुटुंबांची वर्षानुवर्षांची शिल्लक एका हंगामात गेली, पोरांच्या शाळा सुटल्या. हैतीच्या अलीकडच्या इतिहासात गावं ओस पडण्याची जी कारणं सांगतात, त्यात हे एक नेहमी असतं.

ही फार दूरची गोष्ट नाही. हाच रोग २०२० मध्ये आपल्या आसाम आणि अरुणाचलमध्ये आढळला आणि ईशान्येतल्या छोट्या पाळणाऱ्यांची डुकरं गेली. २०२१ मध्ये तो पुन्हा डॉमिनिकन रिपब्लिक आणि हैतीत दिसला. तेव्हा ताटातला तुकडा हा कुणाच्या तरी घरची ठेव मोडून आलेला असतो, एवढं ध्यानात असू द्यावं. असा प्राणी सणालाच कापतात, साऱ्या वाडीला बोलावतात आणि त्यातलं काही वाया घालवत नाहीत.

आता घरी कसं करायचं ते सांगते. लिहून घ्यायचं असेल तर कागद-पेन्सिल घ्या.

मांस खांद्याचं घ्यावं, म्हणजे पुढच्या पायाच्या वरचा भाग. हाडासकट, चरबीसकट आणि मिळाल्यास कातडीसकट, दोन किलोचा एकच तुकडा. दुकानदार पाठीचं मऊ मांस पुढे करील, ते घेऊ नका. ते पटकन शिजतं आणि जास्त वेळ ठेवलं तर कोरडं पडतं. खांदा हा चालून चालून कष्टलेला भाग. त्यात स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरा, पापुद्रे पुष्कळ. तेच या पदार्थाचं भांडवल.

वाटणासाठी लसणाचे दोन मोठे गड्डे सोला. चार सपाट चमचे मीठ, दीड चमचा मिरी, दीड चमचा भाजलेलं जिरं असं खलबत्त्यात लसणाबरोबर कुटा. चमचा म्हणजे चहाचा. मिक्सरपेक्षा खलबत्ता बरा, मीठाबरोबर कुटताना लसणाचा रस नीट सुटतो. मग ओरेगॅनो. पिझ्झाबरोबर येतो तो वाळका ओरेगॅनो एक मोठा चमचा चालेल. पण त्याहून सोपी गोष्ट आपल्या कुंडीत असते. ज्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो, ती ओव्याची पानं. त्याच झाडाला अमेरिकेत क्युबन ओरेगॅनो म्हणतात आणि पोर्तो रिकोत ते स्वयंपाकात वापरतात. सात-आठ पानं बारीक चिरून घाला.

आंबट नारिंग आपल्या बाजारात सहसा मिळत नाही. त्याऐवजी एक वाटी संत्र्याचा रस आणि अर्धी वाटी लिंबाचा रस एकत्र करा. नुसतं संत्रं गोड लागेल, नुसतं लिंबू तीक्ष्ण. मोसंबीचा रस घेऊ नका, ठेवल्यावर तो कडू होतो. पाव वाटी तेल गरम करून कुटलेल्या लसणावर ओता, चर्र आवाज होऊ द्या, निवलं की रस मिसळा. झाला मोहो. त्यातला अर्धी वाटी वेगळा काढून फ्रिजमध्ये ठेवा, तो शेवटी वाढताना लागेल. कच्च्या मांसाला लागलेला मोहो तसाच वाढायचा नाही.

मांसाला सुरीनं सगळीकडून दोन-अडीच इंच खोल चिरा द्या आणि त्यात बोटानं वाटण भरा. चिरा कशासाठी? मीठ हळूहळू मांसात खोलवर जातं. पण लसणाचा, जिऱ्याचा, नारिंगाचा स्वाद पृष्ठभागापासून थोडासाच आत जातो, कितीही वेळ ठेवा. म्हणून त्याला आत जायला वाट करून द्यायची. कातडी असेल तर तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा मारा, फक्त चरबीपर्यंत, खालच्या मांसापर्यंत नको. कातडीला आंबट लावू नका, ती पुसून कोरडी ठेवा आणि थोडं मीठ चोळा.

काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, झाकून, फ्रिजमध्ये बारा तास ठेवा. फार तर चोवीस. ॲल्युमिनियमचं, पितळेचं भांडं नको, आंबट त्याला खातं. चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवलं तर आंबटानं बाहेरचा थर भुसभुशीत होतो. कच्ची पपई लावण्याचा मोह आवरा. पपई मटणाच्या झटपट कबाबांना ठीक, इथे ती मांसाचा लगदा करते. गोव्याकडचे किंवा गयानाचे लोक जास्त दिवस ठेवतात, पण त्यांचं आंबट व्हिनेगरचं असतं, मीठही जास्त असतं आणि तुकडे लहान असतात. तो वेगळा हिशेब.

शिजवण्याआधी पाऊण तास मांस फ्रिजबाहेर काढा. ओव्हन असेल तर १५० अंश सेल्सिअसला तापवा. ट्रेमध्ये कांद्याच्या चकत्या पसरा, त्यावर मांस कातडी वर करून ठेवा, उरलेलं वाटण आणि अर्धी वाटी पाणी बाजूनं घाला. वर केळीचं पान झाका, त्यावर फॉइल गच्च बसवा. पान मध्ये असलं की आंबट फॉइलला लागत नाही आणि वासही सुरेख येतो. तिकडेही केळीची पानं अशी वापरतात. साडेतीन ते चार तास हात लावू नका.

या चार तासांत आत काय घडतं? साधारण ७० अंशांना मांस शिजलेलं असतं, खायला निर्धोक असतं, पण चावत नाही. त्यापुढे त्या पांढऱ्या शिरा, ज्यांत कोलॅजेन असतं, हळूहळू विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. बकऱ्याचे पाय रात्रभर शिजवले की सकाळी रस्सा थिजलेला दिसतो ना, तेच हे. ते पटकन होत नाही. आच वाढवली तर बाहेरचं मांस आवळून रस गाळून टाकतं आणि शिरा तशाच राहतात. आतलं तापमान ९० अंशांच्या पुढे गेलं आणि काही काळ तिथे राहिलं की काटा खुपसल्यावर मांस आपोआप सुटतं. हाड धरून हलवलं तर सैल लागतं. थर्मामीटर नसला तर हाच पुरावा.

मग फॉइल आणि पान काढा, ओव्हन २२० अंशांवर न्या आणि वीस ते तीस मिनिटं कातडी फुलून कुरकुरीत होईपर्यंत ठेवा. तेवढा वेळ समोरून हलू नका, ती क्षणात करपते. बाहेर काढून वीस मिनिटं तसंच राहू द्या.

ओव्हन नसेल तर? जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मांसाचे चार मोठे तुकडे करून, झाकण ठेवून, अगदी बारीक गॅसवर अडीच-तीन तास शिजवा. अर्ध्या-अर्ध्या तासानं उलटा, पाणी लागेल तेवढंच घाला. शेवटी पाणी आटलं की सुटलेल्या चरबीतच तुकडे तांबूस परतून घ्या. हैतीच्या ग्रियोची साधारण हीच रीत. गावाकडे चूल असेल तर खाली मंद जाळ आणि झाकणावर निखारे ठेवा. मायामीतले क्युबन लोक पत्र्याच्या पेटीत मांस ठेवून वरच्या झाकणावर कोळसे पसरतात, तत्त्व हेच. प्रेशर कुकरमध्ये पाऊण-एक तासात मांस मऊ होतं हे खरं, पण भाजल्याची चव येत नाही. घाई असेलच तर कुकरमधून काढून तव्यावर परता.

भीतीबद्दल दोन शब्द. डुकराच्या कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसातून पोटात पट्टकृमी होऊ शकतो. मांस आतपर्यंत नीट शिजवलं की तो मरतो, आणि आपलं मांस तर ९० अंशांवर गेलेलं आहे. मेंदूत या कृमीच्या गाठी होतात, फिट्स येतात, ते मात्र कृमीची अंडी पोटात गेल्यानं. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यावाटे, न धुतलेल्या भाजीवाटे, अस्वच्छ हातांवाटे येतात. म्हणून पूर्ण शाकाहारी माणसालाही तो आजार होतो. काळजी घ्यायची ती अशी: मांस स्वच्छ, देखरेखीखाली चालणाऱ्या दुकानातून घ्यावं, कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नये, हात साबणानं धुवावेत.

वाढताना मांस सुरीनं कापू नका, दोन काट्यांनी सोडवा. ट्रेमधल्या रसावरची चरबी काढून तो रस वर घाला, आणि बाजूला ठेवलेला ताजा मोहो किंचित गरम करून द्या. क्युबात याच्याबरोबर काळ्या घेवड्याचा भात असतो आणि उकडलेला युका, त्यावरही मोहो. युका म्हणजे कसावा, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. आपल्याकडे राजम्याचा भात आणि उकडलेलं सुरण किंवा कोनफळ चालेल.

दोन किलोचं मांस आठ-दहा माणसांना पुरतं, म्हणून हे करायचं तर माणसं बोलवून करावं. उरलंच तर दुसऱ्या दिवशी पाव मधून चिरून त्यात मांस, काकडीचं लोणचं आणि मोहरीची चटणी भरून तव्यावर दाबून भाजा. काढलेली चरबी बाटलीत ठेवा, महिनाभर फ्रिजमध्ये टिकते, बटाटे परतायला त्यासारखं दुसरं काही नाही. हाड टाकू नका. काळ्या घेवड्याबरोबर किंवा मसुराबरोबर तासभर उकळा, आमटीला दाटपणा येतो. ज्यांच्या घरी हे जनावर वर्षाची ठेव होतं, त्यांनी असंच केलं असतं.